चित्रांची पाठ वाचणारे साळवी

साळवींना चित्रांतलं काही कळत नाही, हे त्यांनी स्वतःच मला पहिल्या दिवशी सांगितलं. "रंग, ब्रश, शैली, ते सगळं मोठ्या लोकांचं. मी कागदवाला माणूस," असं म्हणून त्यांनी समोरच्या टेबलावरचं चित्र दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि मऊ गादीवर पालथं ठेवलं. चित्रात काय आहे ते मी अजून धड पाहिलंही नव्हतं. मागच्या लाकडी पट्ट्यांवर पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, एक अर्धवट शिक्का, खडूनं लिहिलेला आकडा असं काय काय होतं. "इथं वाचा," ते म्हणाले. "पुढची बाजू चित्रकारानं एकदाच केली. मागची बाजू अजून चालू आहे."

दुबईत अल कूझच्या गोदामांच्या वस्तीत आमचं ऑफिस होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला एसीचे पत्र्याचे डक्ट ठोकणारा कारखाना आणि मध्ये बिनखिडक्यांची आमची इमारत. ज्यांच्याकडे भिंतींपेक्षा चित्रं जास्त झाली आहेत, अशा लोकांची चित्रं तिथे थंड हवेत ठेवलेली असत. ती प्रदर्शनाला न्यायची, परत आणायची, कुठे पाठवायची तर त्यांचे कागद करायचे, हे आमचं काम. मी पुण्यात विमा कंपनीत दहा वर्षं काढून नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इथे आले होते. साळवी माझ्याहून पंचवीस-सव्वीस वर्षांनी मोठे. आधी मुंबईच्या गोदीत, मग रास अल खैमात एका टाइल्सच्या कारखान्यात एक्स्पोर्टच्या टेबलावर, आणि तिथून थेट तेलचित्रांवर. त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. माल कुठून निघाला, कुणाच्या हातून गेला, कुठे पोचला, एवढंच तर बघायचं, असं ते म्हणत. टाइल्स फुटतात, चित्रं फुटत नाहीत, हा एक फायदा.

बाहेर जूनचं ऊन असताना साळवी लांब बाह्यांचा मरून स्वेटर घालून बसलेले असत, कारण स्टोअर थंड ठेवावं लागे. तिथून बाहेर पडले की चष्म्यावर धुकं धरायचं. ते तो पुसत नसत. दारापाशी हात मागे बांधून, धुकं आपोआप जाईपर्यंत उभे राहत. नव्या ड्रायव्हरांना वाटे, काकांना दिसत नाही. कुणीतरी हात धरायला जाई. साळवी त्याला हात धरू देत आणि मग म्हणत, "शुक्रिया, अब दिखता है."

चित्राचे कागद करताना ते पेन वापरत नसत, पेन्सिलच. तो तर स्टोअरचा नियमच होता. पण साळवींचा स्वतःचा आणखी एक होता. प्रत्येक चित्राच्या फायलीत ते एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखत: माहीत आहे, ऐकलं आहे, वाटतं आहे. "या तिघांना एकमेकांच्या घरात जाऊ द्यायचं नाही," असं मला बजावत. एखाद्या मालकानं फोनवर सांगितलं, हे चित्र आमच्या आजोबांनी पॅरिसहून आणलं, की साळवी अदबीनं "जी सर" म्हणत आणि ते दुसऱ्या रकान्यात लिहीत. तिसऱ्या रकान्यात त्यांचं स्वतःचं क्वचितच काही असे.

ही सवय घरीही होती. त्यांचं घर शारजाला. आम्ही दुबईतल्या आमच्या घरून, सिलिकॉन ओएसिसहून, एका शुक्रवारी जेवायला गेलो होतो. साळवींच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, सोलकढी, कोलंबीचं कालवण, सगळं साग्रसंगीत केलं होतं. जेवणानंतर त्यांनी जुने फोटो काढले आणि माझ्या मुलीला, इराला, म्हणाल्या, "हे बघ, मागे बघ. आमच्याकडे फोटो मागूनच बघतात." प्रत्येक फोटोच्या पाठीवर साळवींच्या बारीक अक्षरात सगळी माणसं, जागा, फोटो कुणी काढला, आपल्याकडे कुणाकडून आला, हे लिहिलेलं. त्यांच्या लग्नाच्या फोटोमागे होतं: डावीकडून तिसरी, पत्नी.

"पत्नी," मालतीकाकू म्हणाल्या. "नाव नाही. मी म्हटलं, निदान नाव तरी लिहा. तर म्हणाले, तेव्हा नाव बदलून दोनच तास झाले होते, कुठलं लिहू?"

साळवी विड्याचं पान पुसत होते. म्हणाले, "बरोबरच होतं ते." इरा हसत सुटली आणि घरी येईपर्यंत गाडीत "थर्ड फ्रॉम लेफ्ट, वाइफ" म्हणत राहिली.

मी तिथे लागल्याला दीड वर्ष झालं होतं तेव्हा ते समुद्राचं चित्र आमच्याकडे आलं. मालक रास अल खैमातले एक वयस्क अमिराती गृहस्थ. सगळे त्यांना अबू सालेम म्हणत. त्यांच्या वडिलांचं गलबत होतं, खजूर घेऊन मुंबईला जायचं. त्यांनी स्वतः पुढे बोटींच्या व्यवसायात बरंच कमावलं होतं. हे चित्र त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी लंडनच्या एका दलालाकडून घेतलं होतं. चित्र इंग्लंडमधलं, दीडशे वर्षांपूर्वीचं. चित्रकार फार मोठ्या नावाचा नव्हे, पण समुद्र काढण्यात त्याचा हात धरणारे थोडे. हिरवट करडं पाणी, लाकडी धक्का, आणि धक्क्यापासून सुटून लाटेवर आडवी होऊ पाहणारी मच्छीमारांची एक होडी. अबुधाबीला समुद्रावरच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरणार होतं, त्यात ते मांडायचं ठरलं होतं. प्रदर्शनानंतर ते विकायचा विचार होता, आणि लंडनच्या त्याच दलालानं एक गिऱ्हाईकही आणलं होतं.

अशा चित्रासोबत एक कागद असतो. चित्र रंगवलं तेव्हापासून ते कुणाकुणाच्या मालकीचं होतं आणि कुठे कुठे प्रदर्शनात लागलं, त्याची ती यादी. लोक चित्र विकत घेतात त्यात या यादीचाही मोठा वाटा असतो. दलालाची यादी झकास होती. पाच मालक, तीन प्रदर्शनं, कुठे खंड नाही. आमचे मॅनेजर नबील म्हणून एक लेबनानी गृहस्थ होते. ते म्हणाले, हे तयारच आहे, नुसतं आपल्या लेटरहेडवर घ्या आणि सही करा. सही साळवींची लागत असे.

साळवींनी यादी वाचली आणि नेहमीप्रमाणे चित्र पालथं घातलं.

त्या वेळी मी शेजारीच होते. मागच्या लाकडी चौकटीवर इंग्रजी प्रदर्शनांच्या दोन छापील चिठ्ठ्या होत्या. यादीत तीन प्रदर्शनं होती. तिसऱ्याची चिठ्ठी नव्हती. पण चिठ्ठ्या गळून पडतात, त्यात नवल नाही. खालच्या पट्टीवर पेन्सिलीच्या काही पुसट रेघा होत्या. लंडनहून आलेल्या तपासणीच्या कागदात त्यांची नोंद होती: अर्थहीन खुणा. साळवींनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, टॉर्च तिरका धरला आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग मला म्हणाले, "अमृता, तू वाच. मी काही सांगत नाही."

मी वाकले. आधी मलाही रेघाच दिसल्या. मग एकदम अक्षरं झाली. राणे. आणि त्याच्या खाली, १४७.

देवनागरी अक्षरं, देवनागरी आकडे. लंडनमध्ये किती शिकलेल्या माणसांनी भिंगं लावून त्या पट्टीकडे पाहिलं असेल, आणि त्यांना त्यात अर्थ नव्हता. साळवींनी तीन रकान्यांचा कागद ओढला आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: चौकटीवर मराठी हस्ताक्षर. मग थांबून मला विचारलं, "मराठीच म्हणू ना? राणे आहे, म्हणजे चालेल."

चित्र हिंदुस्थानात होतं, तर कधी? यादीत तेवढी जागाच नव्हती. म्हणून साळवींनी तिसऱ्या प्रदर्शनाचा मागोवा घेतला. इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावी ते भरलं होतं. त्या गावच्या ग्रंथालयाला त्यांनी साधी ईमेल केली. आठवड्याभरात तिथल्या बाईंनी जुन्या कॅटलॉगच्या पानाचा फोटो पाठवला. चित्रकार तोच, चित्राचं नावही तेच. पण रुंदी आमच्या चित्रापेक्षा जवळजवळ फूटभर जास्त. त्या चित्रकारानं तो धक्का दोन-तीनदा रंगवला होता, आणि त्या गावी लागलं होतं ते दुसरंच. आमच्या चित्राच्या आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षं मोकळी पडली.

मी म्हटलं, म्हणजे दलालानं लबाडी केली. साळवी म्हणाले, "चूक केली म्हण. लबाडीचा कागद आपल्याकडे नाही."

चौकटीच्या कोपऱ्यात एका दुकानाच्या चिठ्ठीचा खालचा तुकडा शिल्लक होता. नाव गेलेलं, पण 'तसबिरी व आरसे, ठाकूरद्वार' एवढं वाचता येत होतं. साळवींच्या मेहुण्यांनी गिरगावात जाऊन चौकशी केली. ते दुकान बंद होऊन पन्नासेक वर्षं झाली होती, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. मग साळवींनी एक मजकूर लिहिला आणि इथल्या-तिथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पाठवला. गिरगावात पूर्वी राहणाऱ्या राणे कुटुंबाकडे समुद्राचं एक इंग्रजी तेलचित्र होतं का, असल्यास कृपया कळवावे. चित्राचा फोटो त्यांनी मुद्दाम जोडला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "फोटो दिला की सगळ्यांनाच आठवतं."

आणि फोटो न देताही झालं तसंच. पंधरा दिवस राण्यांचे फोन येत राहिले. कुणाच्या आजीकडे गलबताचं कॅलेंडर होतं, कुणाकडे घोड्यांचं चित्र होतं. साळवी प्रत्येकाचं ऐकून घेत, आभार मानत. नबीलना हे फोन दिसत होते. त्यांनी दोनदा मला विचारलं, हे सगळं कशासाठी, खलास, यादी तर आहे. मी हसून वेळ मारून नेली.

मग एका सकाळी डोंबिवलीहून फोन आला. बाईंचं नाव कुसुमताई, पंचाहत्तरीच्या, निवृत्त परिचारिका. माहेरच्या राणे. साळवींनी फोन स्पीकरवर टाकला. त्या नमस्कार वगैरे म्हणाल्या आणि मग सरळ म्हणाल्या, "त्या होडीत एक माणूस टोपीनं पाणी उपसतोय. तेच चित्र ना?"

साळवींनी माझ्याकडे पाहिलं. दीड महिना ते चित्र आमच्याकडे होतं आणि आम्हा दोघांनाही टोपी माहीत नव्हती. त्यांनी फोन तसाच चालू ठेवला, चित्र सुलट केलं, भिंग लावलं. होडीत मागच्या बाजूला वाकलेला एक माणूस होता, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्या हातात बादली नव्हती. टोपी होती.

"हो," साळवी म्हणाले. "तेच आहे."

मग कुसुमताई म्हणाल्या, "म्हणजे ते आहे कुठेतरी."

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील, अण्णा राणे, बंदरातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्यानं हे चित्र अण्णांना भेट दिलं. एकत्र कुटुंबाच्या बैठकीत ते वीस-बावीस वर्षं होतं. घरातली पोरं त्या माणसाला टोपीवाला म्हणत आणि त्यानं टोपी परत डोक्यावर घालायची का नाही यावर भांडत. एका पावसाळ्यात चित्राला बुरशी आली, म्हणून अण्णांनी ते साफ करायला ठाकूरद्वारच्या दुकानात दिलं. महिन्याभरानं आणायला गेले तर दुकान बंद. मालक कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. अण्णांनी घरी येऊन तसं सांगितलं. त्यांच्या दोघा भावांनी विश्वास ठेवला नाही. एवढं विलायती चित्र, परस्पर विकून टाकलं आणि गोष्ट रचली, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी दुकानाची पावती दाखवली. भाऊ म्हणाले, पावती कुणीही लिहून देतो. त्यावरून घर फुटलं. अण्णा बायको-मुलीला घेऊन डोंबिवलीला आले. भावांच्या घरच्या लग्नांना त्यांना आमंत्रण नसे. कुणी काही विचारलं नाही तरी मधूनच म्हणत, "मी ते साफ करायला दिलं होतं." शेवटच्या आजारातही, नर्स म्हणून कुसुमताईच शेजारी होत्या तेव्हा, हेच म्हणाले.

"पावती आहे अजून?" साळवींनी विचारलं.

पावती होती. अण्णांच्या पेन्शनच्या पुस्तकाच्या कव्हरात. तासाभरानं फोटो आला. तसबिरी व आरसे, ठाकूरद्वार, समुद्राचे चित्र एक, सफाईसाठी मिळाले, राणे, क्रमांक १४७. सातचा आकडा चौकटीवर होता तसाच, शेपटी डावीकडे वळवलेला.

साळवींनी भिंग बाजूला ठेवलं आणि बेसिनवर जाऊन तोंड धुऊन आले. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं काम सोपं असायला हवं होतं. खरी यादी लिहायची. पण खरी यादी लिहिली की हे चित्र एका माणसाच्या घरून सफाईला गेलं आणि परत आलं नाही, हे लिहावं लागणार. मग विक्री कसली होतेय? नबील वाईट माणूस नव्हते. त्यांनी साळवींना केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं की आपण गोदामवाले आहोत, पोलीस नाही. मालकानं दिलेली यादी छापायची. फार तर मधल्या काळासाठी 'खाजगी संग्रह' लिहा. तेही खोटं नाही. जाता जाता त्यांनी साळवींच्या व्हिसाची आठवण काढली. दोन महिन्यांत तो संपत होता. वय साठीपुढे गेलं की इथे माणसाचा मुक्काम कंपनीच्या एका पत्रावर असतो, हे इथल्या प्रत्येकाला न सांगता कळतं.

आठ दिवस साळवी दुसरीच कामं करत राहिले. तिन्ही रकाने भरलेला कागद त्यांच्या खणात होता. मला वाटलं, त्यांनी सोडून दिलं. एका संध्याकाळी नबीलनी जुनीच यादी लेटरहेडवर छापायला मला सांगितली आणि मी ती छापली. हे मी लिहिते आहे, कारण साळवींविषयी लिहायचं तर हे वगळता येणार नाही. माझ्याही नोकरीचा प्रश्न होता, हप्ते होते, इराची शाळा होती. मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिले.

त्यांनी तो पूर्ण वाचला. म्हणाले, "छान छापलायस. तुझं काही चुकलं नाही. पण याच्यावर सही माझी लागते."

मी विचारलं, "मग काय करणार?"

"मालतीला विचारलं काल. ती म्हणाली, तुम्ही अडतीस वर्षं सह्या केल्यात, त्यातली एक तरी मला दाखवायला आणली होती का? मग आताच का विचारता?" ते थोडे हसले. "बरोबर आहे तिचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नबीलना सांगून, लपवून नव्हे, अबू सालेमना फोन केला. चित्र तुमचं आहे, तुम्हीच येऊन बघा, म्हणाले. अबू सालेम आले. पायघोळ पांढरी कंदुरा, हातात काठी, सोबत कुणी नाही. वडिलांच्या गलबतावर लहानपणी मुंबईला जाऊन आलेल्या माणसाचं असतं तसं त्यांचं हिंदी होतं, जुनं आणि सावकाश. साळवींनी त्यांना खुर्ची दिली, चित्र पालथं घातलं आणि तासभर सगळं सांगितलं. कॅटलॉगचं पान, पट्टीवरची अक्षरं, पावती, अण्णा. काय माहीत आहे, काय ऐकलं आहे, ते वेगवेगळं सांगितलं. नबील दाराशी उभे होते. मी चहा आणला, तो कुणी घेतला नाही.

अबू सालेमनी विचारलं, "वो औरत तस्वीर वापस माँगती है?"

"नहीं साहब. मैंने पूछा. बोली, दो कमरे का घर है, कहाँ रखूँ."

"तो क्या माँगती है?"

"बाप का नाम माँगती है. इस कागज में."

अबू सालेमनी दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले. गिऱ्हाईक जाणार, हे त्यांना कळत होतं; व्यापारी माणूस. मग त्यांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं. न टेकवता, वरच्या वर. म्हणाले, "मेरा बाप लिखना नहीं जानता था. दूसरे का लिखा मानना पड़ता था. तुम लिखो. पूरा लिखो."

गिऱ्हाईक गेलंच. दलालाची दोन कडक पत्रं आली. अबू सालेमनी वकिलामार्फत कुसुमताईंशी लेखी सगळं नीट करून घेतलं. चित्र त्यांच्याकडेच राहील आणि जिथे कुठे लागेल तिथे राण्यांचं नाव लागेल, यावर दोघांच्या सह्या झाल्या. चित्र विकायचा बेत त्यांनी सोडून दिला. आणि दोन महिन्यांनी नबीलनी साळवींना पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. कंपनी या वर्षी पत्र देऊ शकणार नाही, म्हणाले. नबीलना वाईट वाटत होतं, हे मी सांगू शकते. ते त्या दिवशी जेवले नाहीत. साळवींनी मला एवढंच सांगितलं की फायली नावानुसार लावून ठेवल्या आहेत आणि स्वेटर तुला होत असेल तर ठेव, मुंबईत त्याचा काय उपयोग. तो मला फार मोठा होता. मी ठेवला.

त्यांच्या निघण्याआधीच्या शनिवारी अबुधाबीला प्रदर्शन उघडलं. मी साळवी आणि मालतीकाकूंना माझ्या गाडीतून नेलं. इराही होती. चित्र एका लांब निळसर भिंतीवर होतं, आणि शेजारी छोटीशी पाटी. मालतीकाकूंनी ते चित्र पहिल्यांदाच पाहिलं. "हे होय," एवढंच म्हणाल्या आणि टोपीवाला शोधायला लागल्या. इरानं आधी शोधला. "ही इज युझिंग हिज कॅप, लुक," असं सांगून ती पुढच्या दालनात गेली.

साळवींनी कुसुमताईंना व्हिडिओ कॉल लावला. रक्षक जवळ आला, त्याला त्यांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तो केरळचा होता. तो दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. साळवींनी फोन आधी चित्रासमोर धरला. कुसुमताईंचा चेहरा पडद्यावर फार जवळ आला होता, एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसत होती. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडे याहून काळं दिसायचं." मग म्हणाल्या, "पाटी वाचा."

साळवींनी इंग्रजीत वाचली आणि मग वाक्यावाक्याला मराठीत सांगितली. बंदर अधिकाऱ्याकडून भेट, अण्णा राणे, मुंबई. सफाईसाठी दिले असता त्यांच्या ताब्यातून गेले.

"पूर्ण नाव आहे का?" कुसुमताईंनी विचारलं. "नुसतं राणे नाही ना?"

"पूर्ण आहे. अण्णा मीच म्हटलं. आत्माराम गोविंद राणे."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. पलीकडे कुसुमताईंशिवाय ऐकणारं कुणी नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं. कुसुमताईंचे दोन्ही काका कधीच गेले होते, त्यांच्या मुलांना हे चित्र आठवतही नव्हतं. ज्यांनी माफी मागायला हवी होती त्यांच्यातलं कुणी उरलंच नव्हतं. एक म्हातारी बाई डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बसून आपल्या वडिलांचं नाव एका परक्या माणसाच्या तोंडून दोनदा ऐकत होती, आणि तो माणूस ते अगदी जपून, एक अक्षर न गाळता वाचत होता. कुसुमताई म्हणाल्या, "बरं झालं." बोलणं संपल्यावर साळवींनी फोनचा पडदा रुमालानं पुसला आणि फोन खिशात घातला.

दुपारी त्यांना घेऊन परत निघायचं ठरलं होतं. पण मालतीकाकू म्हणाल्या, इतकी वर्षं इथे राहून अबुधाबीचा समुद्र काही बघितला नाही, आम्ही बसनं येऊ. मी खूप म्हटलं, ऊन आहे. त्या ऐकेनात. मी त्यांना कॉर्निशजवळ, समुद्रकाठच्या रस्त्यावर, सोडलं. पुढच्या गुरुवारी त्यांचं विमान होतं. त्या दिवशी ऑफिसात तपासणी निघाली आणि मला विमानतळावर जाता आलं नाही. तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच.

मी गाडी वळवून सिग्नलला थांबले होते. ते दोघं समोर, रस्ता ओलांडायला उभे होते. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, बाकीचे लोक निघाले, पण ही दोघं निघाली नाहीत. मालतीकाकूंच्या चपलेचा बंद सुटला होता. साळवी फुटपाथवर एक गुडघा टेकून तो लावत होते. त्यांना ते पटकन जमत नव्हतं. काकूंनी तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या टकलावर हात ठेवला होता आणि त्यांच्या डोक्यावरून समुद्राकडे बघत होत्या. दिवा लाल झाला. साळवी उठले, गुडघा झटकला, आणि दोघं पुढच्या दिव्याची वाट बघत शेजारी शेजारी उभी राहिली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा सिग्नल कधीचा सुटला होता.